आईची उलटी आणि आत्याची सुकेळी

उलटीचा वास मला अजूनही सहन होत नाही. पण त्याहून शिसारी येते ती आजाऱ्याला बघायला येणाऱ्या माणसांची. ऐंशी सालाच्या आसपास वसईतल्या एका छोट्या दवाखान्यात आईची गर्भपिशवी काढली, तेव्हापासूनची ही अढी आहे.

भूल उतरताना आईला सारखं मळमळत होतं. तिच्या श्वासाला, उशीला, केसांनाही त्या औषधाचा गोडसर, कुबट वास येत होता. नर्सने मला बजावून ठेवलं होतं, तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, फक्त ओल्या कापसाचा बोळा ओठांवरून फिरवायचा. मान एका बाजूला वळवून ठेवायची. उमासा आलाच तर पोटाशी उशी दाबून धरायची, कारण जोराची उलटी झाली तर टाके उसवतील. मी तेव्हा कॉलेजात होते, आणि त्या टाक्यांच्या धसक्याने खाटेजवळून हलत नव्हते.

दुपारी आमच्या गावाहून, नंदाखालहून, गोतावळा आला. आमच्या बागायतवाल्या घरांत आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कुणी जात नाही, आणि आणलेलं स्वतःच्या हाताने भरवल्याशिवाय उठतही नाही. आजाऱ्याने घास नाकारला तर रुसवा वर्षभर पुरतो. त्या एवढ्याशा खोलीत घाम, सोनचाफा, खोबरेल तेल आणि मिश्री यांचा नुसता कोंदट दर्प भरला. एका काकाने खाटेवरच बूड टेकलं आणि कुणाला तरी ऑपरेशननंतर हिरवंगार पित्त कसं पडलं, ते चवीने सांगायला लागला. आई डोळे मिटून आवंढे गिळत होती. मला त्या सगळ्यांना झाडूने हाकलावंसं वाटत होतं.

"तिला काही द्यायचं नाही, नर्सने सांगितलंय," मी म्हणाले.

"त्या नर्सला काय कळतंय? पोटात काही नाही म्हणूनच मळमळतंय," आत्या म्हणाली. बाबांची ही थोरली बहीण. तिच्यापुढे बाबासुद्धा ब्र काढत नसत. तिने पिशवीतून सुकेळ्यांची पुडी काढली. उन्हात सुकवलेली राजेळी केळी, काळपट, बोटांना चिकटणारी. एरवी मी त्यांवर तुटून पडले असते. तेव्हा मात्र त्या गुळचट वासाने मलाच कसंतरी झालं.

मी नर्सला बोलवायला धावले. तेवढा वेळ आत्याला पुरला. मी परतले तर आईच्या ओठांच्या कडेला तपकिरी लाळ होती, आणि आत्या बोटं चाटत म्हणत होती, "बघ, खाल्लं की नाही? तोंडावर कशी तरतरी आली!"

तरतरी कसली डोंबलाची! आईच्या घशाशी आलं होतं. मी भांडं पुढे केलं. तिचे गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. नणंदेने भरवलेलं नणंदेसमोर कसं ओकायचं? आलेलं तिने परत गिळलं.

माझ्या मागोमाग आलेल्या नर्सने सगळ्यांना बाहेर काढलं. आत्याचा आवाज जिन्याखाली गेला तेव्हा कुठे आईने तोंड उघडलं. सुकेळ्याचे तुकडे, पित्त, फेस, सगळं चादरीवर, उशीवर, माझ्या हातांवर. मी उशी दाबून धरली होती, पण उमासे थांबेनात. मग पट्टीवर लाल डाग दिसला आणि तो पसरत गेला. डॉक्टरांनी तिला आत नेऊन पुन्हा टाके घातले.

संध्याकाळी तिच्या केसांत वाळून बसलेली घाण मी ओल्या फडक्याने सोडवत होते. तिने डोळे उघडले.

"वन्संना सांगू नकोस हं," ती म्हणाली. "त्यांना वाटेल, त्यांच्या हातचं मला सोसलं नाही."

खरं सांगते, त्या क्षणी मला आईचीच किळस आली.