सत्तारभाईंच्या दुकानातला पंखा

सत्तारभाई गेल्याचं मला नेरच्या बसस्टँडसमोर चहा पिताना कळलं. सकाळी अंगणात बसल्या जागीच गेले म्हणे. कप तसाच ठेवून मी उठलो. दुःख झालं हे खरंच. पण त्याच्याही आधी मनात आलं, आता सांगायचं राहूनच गेलं... महिना होत आला, ते काही मनातून जात नाही.

तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यापासून माझी बैठक त्यांच्या सायकल दुकानात. साध्या सायकली दुरुस्त करता करता गिअर बदलायच्या खटक्यांचं नाजूक काम ते आपलं आपणच शिकले होते. स्प्रिंग उडू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून खटका उघडायचा, निघेल त्या क्रमाने एकेक भाग वर्तमानपत्रावर मांडायचा आणि प्रत्येकाभोवती पेन्सिलने गोल काढायचा. झिजलेला भाग करवतीच्या पात्याचा तुकडा कानशीने घासून नवा करायचा. आणि हे चालू असताना पंखा बंद! आमच्याकडच्या मे महिन्यातसुद्धा, गिऱ्हाईक घामाने निथळत असलं तरी. मी चिडवायचो, "सत्तारभाई, गिअर दुरुस्त होईल, पण माणूस बिघडेल."

गेल्या उन्हाळ्यात माझ्याच सायकलचा खटका अडकू लागला. अमरावतीचा दुकानदार म्हणाला, पूर्ण बदला. सत्तारभाईंनी तो कानाशी नेऊन वाजवला. "एका दाण्यापायी पोतं फेकता का साहेब?" म्हणाले आणि उघडायला घेतला. शुक्रवार होता. भाग मांडून झाले आणि नमाजाची वेळ झाली. "बसा. पंख्याले हात नोका लावू," असं बजावून ते गेले. मला उकाडा सोसेना. एकच मिनिट, म्हणून बटण दाबलं... कागद उडाला. गुडघ्यांवर रांगत मी भाग गोळा केले, अंदाजाने गोलांत ठेवले. एक गोल रिकामा राहिला. दात्याला अडवणारं, तांदळाएवढं लोखंडी कुत्रं काही सापडेना.

ते आले आणि त्या रिकाम्या गोलाकडे बराच वेळ पाहत राहिले. मी बोलणार होतो, देवाशपथ. पण तेच आधी म्हणाले, "म्या ठेवलंच नसन. नजर साथ देऊन नाही राह्यली आता." मी गप्प बसलो. एवढंच नाही, "वय झालं की व्हायचंच," असंही वर म्हणालो! ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. दोन दिवस खपून त्यांनी नवं कुत्रं घडवलं. खटका आजही बिनचूक चालतो. पण त्यानंतर कोणी असं काम आणलं की म्हणायचे, "अमरावतीले न्या. माह्या हातून काही हरपलं तं तुमचं नुकसान." नुसती पंक्चरं काढत राहिले. मी रोज जायचो, आज सांगतोच असं रोज ठरवायचो. पण चोराच्या मनात चांदणं. पंख्याचा विषय निघाला की मीच बोलणं दुसरीकडे वळवायचो.

परवा भाभींना भेटायला त्यांच्या घरी गेलो. खिडकीच्या पडद्यात एक सुई टोचलेली होती, दोरा ओवलेला. माझी नजर तिकडे गेलेली पाहून त्या म्हणाल्या, "रोज सकाळी उठून सुई ओवत बसत. पहिल्याच टायमाले ओवली जाये. म्या म्हणो, नजर तं चांगली हाये तुमची. तं म्हणत, तुक्क्यानं गेली असन."

मग मला राहवलं नाही. "भाभी, पंखा मी लावला होता..." म्हणून सगळं सांगितलं. माझं संपल्यावर त्या पदर सावरत म्हणाल्या, "हे मले कायले सांगता भाऊ? वर्षभर त्यायच्याच समोर बसत होते नं तुमी?"