मारुतीच्या भाजीतलं मीठ

कापूस वेचून झाला की आमच्या घरचे शेतातल्या मारुतीला रोडगे करतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वरण आणि मोठ्या गंजात वांग्याची भाजी. जेवायला अर्धं गाव. नैवेद्य दाखवेपर्यंत जिभेला काही लावायचं नाही, त्यामुळे भाजीतलं मीठ वासावर ठरतं, आणि तो मान माझा. गंजावर वाकायचं, वाफ नाकात घ्यायची. तोंडाला पाणी सुटलं की मीठ पुरे. नाही सुटलं तर आणखी एक मूठ. मिठाला वास नसतो हे मलाही कळतं. पण इतकी वर्षं भाजी कधी बिघडली नाही, कारण मी जन्माची खादाड. सासू गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं, आणि धाकटी जाऊ लग्न होऊन आल्यापासून त्यावर डोळा ठेवून आहे.

मध्यंतरी माझी साखर फार वाढली. आदिलाबादच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा पोटात टोचायचं इंजेक्शन लिहून दिलं. साखर उतरली, वजन उतरलं, ब्लाउज लोंबायला लागले. मी खूष होते. मग तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटला. नवऱ्यानं शपथा घातल्या होत्या, लेकीनं मोबाइलवर सडलेल्या जबड्यांचे फोटो दाखवले होते, तेव्हा मी हटले नव्हते. आता पुडी उशाशी वाळून गेली. नवरा बेला गावच्या बाजारात सांगत फिरला, बायकोनं मन घट्ट केलं म्हणून. मनानं डोंबल काही केलं नव्हतं.

पण ओढ आटणं तेवढ्यावर थांबलं नाही. भाजीवाल्यानं सांगितला तो भाव मी मुकाट्यानं द्यायला लागले. तो बिचारा घाबरला आणि मूठभर कोथिंबीर वर टाकून मोकळा झाला. जाऊ टोमणे मारायची, मी ‘हो’ म्हणायचे. ह्या वर्षीचे रोडगे जवळ आले तसं मला भीती वाटायला हवी होती. पाणीच नाही सुटलं तर? मान गेला तर? प्रश्न पडायचा आणि तसाच विरून जायचा.

डॉक्टरांना विचारलं. तेलुगू माणूस, माझ्याशी हिंदीत बोलतात. म्हणाले, औषध भूक कमी करतं, डोक्यातलं ‘पाहिजे, पाहिजे’ शांत करतं. काही जणांची बाकीचीही हौस कमी होते असं ऐकतो, पण नक्की सांगता येत नाही, अजून तपासणं चालू आहे. मनानं बंद मात्र करू नका. ‘नक्की माहीत नाही’ म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला, म्हणून त्यांच्यावर चिडले नाही. तसंही चिडायला होत कुठं होतं!

रोडग्याच्या दिवशी गंजावर वाकले. वाफ आली, चष्मा धुकटला, तोंड कोरडं ते कोरडंच. एक मूठ टाकली. पुन्हा वाकले, पुन्हा काही नाही. माझी रीत ठरलेली, पाणी सुटेपर्यंत टाकायचं. मी टाकत गेले.

प्रसादाला नावं ठेवायची आमच्याकडे रीत नाही. पंगतीत पहिला घास गेला आणि सगळे एकदम देवभक्त झाले. पाण्याचे तांबे तेवढे फिरत राहिले. एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, “लय झकास झाली भाजी.” मला भूक नव्हती, मी वरणाचं बोट चाटून उठले होते, त्यामुळे मला ते खरंच वाटलं.

जावेनं मला निंबाच्या झाडामागं ओढलं.

“बाई, भाजी खारट आग झाली. पुढच्या बारी मीठ मीच टाकीन.”

ह्या वाक्यासाठी ती किती वर्षं थांबली होती! मी राग यायची वाट पाहिली. आला नाही.

“टाक ना,” मी म्हणाले.

तिचं तोंड उतरलं. “तुमी भांडून काऊन नाही राह्यल्या? डॉक्टरनं काई वंगाळ सांगतलं का? माह्यापासून लपवून राह्यल्या का?” आणि ती रडायलाच लागली. माझ्यासाठी रडणारी ही बाई मला नवी होती. मला गलबलून आलं.

तिला बरं वाटावं म्हणून मी उसना आवाज चढवला. “मी जित्ती हाय तोवर मिठाले हात लावशीन तं पाहून घेईन!”

ती नाक पुसत हसली आणि जरा जीवात जीव येताच सवयीनं म्हणाली, “तुमच्या माहेरी कोणाले भाजी जमली होती कवा? तुमच्या मायचं वरण तं ढोरं पेत नव्हते.”

माझे कान तापले. आधी मला कळेना काय होतंय. मग कळलं, आणि माझ्या आईच्या वरणापासून सुरुवात करून मी जावेच्या सात पिढ्यांचा स्वयंपाक काढला. पंगतीतले लोक माना वळवून बघायला लागले. जाऊ पदर खोचून उत्तरं देत होती, आणि आम्हा दोघींच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.