मोजून बघणारे आबा

आबा तांडेल मालवणच्या बाजारात कापड घ्यायला गेले, की दुकानदाराने मापून दिलेला तुकडा स्वतःच्या हाताने पुन्हा मापत. दुकानदार त्यांचा सख्खा मेव्हणा होता, तरीही. "तुझो इस्वास आसा, पन माझ्या हाताकय कळूक व्हया," असे ते शांतपणे म्हणत. मेव्हण्याने रागावणे केव्हाच सोडून दिले होते.

साठ सालानंतरची गोष्ट. मी नवा इंजिनियर, आणि आबा आमच्या टेलिफोनच्या केबल टाकणाऱ्या टोळीचे मुकादम. कोळंबच्या खाडीकडे जाणारी केबल बिघडली आणि पलीकडच्या गावांचे फोन बंद पडले. दोष शोधायला मुंबईहून एक यंत्र आले. ते केबलीत विजेचा एक ठोका सोडी. बिघडलेल्या जागेवर आपटून तो परत येई, आणि जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघे. मात्र ठोका त्या केबलीतून किती वेगाने धावतो, ते आपण यंत्राला आधी सांगायचे. मी पुस्तकात पाहून वेग लावला. अंतर आले तेराशे वीस फूट.

आबांनी यंत्रापासून केबलीच्या वाटेने फीत धरली. तेराशे वीस फूट भरले ते आनंदीबाईंच्या पडवीत. बाई विधवा; चार दिवसांवर मुलीचे लग्न, पडवीची जमीन नुकतीच चोपून सारवलेली. त्या दाराला धरून उभ्या राहिल्या. मला वरच्या साहेबांच्या तारांवर तारा येत होत्या. मी खणायला सांगितले.

गड्यांनी कुदळी उचलल्या, पण आबांनी हात आडवा केला आणि यंत्राकडे बोट दाखवले.

"सायबानू, ठावक आसा ता आधी इचारा. ता बरोबर सांगल्यान, तर मगे ठावक नाय ता इचारा."

मला राग आला. यंत्र खोटे बोलत नाही, असे काहीसे मी म्हणालो. त्यांनी वाद घातला नाही. ही केबल टाकताना उरलेला तुकडा गोदामात होता, तो त्यांनी बैलगाडीतून आणवला. स्वतः मोजून कापलेला, चारशे चाळीस फुटांचा. मी तो यंत्राला जोडला. यंत्राने चारशे ऐंशी दाखवले.

माझे कान तापले. पुस्तकातला वेग कागदी वेष्टणाच्या केबलीचा होता. आमची केबल नव्या प्लास्टिकची, तिच्यातून ठोका सावकाश जातो. यंत्र चारशे चाळीस दाखवीपर्यंत मी वेग कमी केला आणि बिघडलेली केबल पुन्हा जोडली. बाराशे दहा. म्हणजे पडवीच्या एकशे दहा फूट अलीकडे, केबल खाडीला लागून जाते तिथे. तिथे खणले, तर कुणीतरी होडी बांधायला ठोकलेला लोखंडी खुंट केबलीत घुसलेला. संध्याकाळपर्यंत फोन सुरू झाले.

सगळ्या गड्यांसमोर मी म्हणालो, की चूक माझी होती. आबा अवघडले. चहा पिताना हळूच म्हणाले, "खणूच्या आधी गावली, ती चुकी कसली?"

पुढे वर्षभराने माझी बदली झाली आणि काही वर्षांत ते गेल्याचे पत्र आले. माझ्या हाताखाली मग पुष्कळ इंजिनियर तयार झाले. त्यांतल्या एकालाही मी ठाऊक लांबीच्या तुकड्यावर वेग तपासल्याशिवाय कुदळ उचलू दिली नाही. हे कुठल्या पुस्तकात आहे, असे कुणी विचारले, तर मी त्याला आबांचे नाव सांगत असे.