पाण्याच्या लॉरीचं गाणं

अख्ख्या चेन्नईत ॲडव्हान्सच्या आधी भाडेकरूकडं ताल मागणारा घरमालक एकच झाला, आणि त्या तालात नापास होऊन खोली मिळवणारा भाडेकरूपण एकच. तो मी. मी सांगलीकडचा गलाईवाला, म्हणजे जॉर्ज टाउनातल्या सोनारांचं जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देणारा. अंगाला कायम ॲसिडचा वास. त्या वासापायी वेस्ट मांबलममधली कितीतरी दारं माझ्या तोंडावर बंद झालेली. ह्या दारात मात्र वेष्टी नेसलेला, पांढऱ्या केसांची शेपटी बांधलेला एक म्हातारा गिटार घेऊन उभा. मोडक्या तमिळमध्ये मी खोली मागितली, तर माझा हेल ओळखून तो चक्क मराठीत म्हणाला, मी वाजवतो, तू टाळ्या धर. मी धरल्या. गिटार एकीकडं, टाळ्या दुसरीकडं. म्हातारा पोटभर हसला. "ताल चुकणारा माणूस लबाड नसतो पा. सामान आण."

ते आमचे घरमालक. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, मग मीपण. त्यांची मराठी तंजावरची, पार राजांच्या काळात तिकडं गेलेली, 'बाबा'च्या जागी तमिळ 'पा' लावणारी, आणि माझी परवा एस्टीनं आलेली. दोघी भेटल्या की पहिल्यांदा नुसत्या एकमेकींकडं बघत बसायच्या.

मामा तरुणपणापासून स्वतः गाणी रचायचे आणि गिटारवर म्हणायचे. चाल खेड्यातली, वाजवणं इंग्रजी, शब्द कधी इंग्रजी, कधी तमिळ. तांबरमच्या कॉलेजांतली पोरं म्हणे त्यांच्यापायी वेडी व्हायची. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण मान डोलवायला शाळा कशाला लागते? एकदा डोळे मिटून "वा मामा, वा" म्हणालो, तर ते अजून तारच पिळत होते. तोंडानं वाजवायचा बाजा तर त्यांच्या गळ्यातच. तारेच्या चौकटीत अडकवलेला, तोंडापुढं उभा. भाजी आणायलापण तसेच जायचे. लोकलमध्ये एका बाईला वाटलं, मान मोडलीय बिचाऱ्याची, तिनं उठून जागा दिली. मामा बसले आणि उपकार म्हणून मांबलम येईस्तोवर तिला बाजा ऐकवला. बाई एक स्टेशन आधीच उतरली. गिटार लावायचे ती कुकरच्या शिट्टीवर. मामींनी नवा कुकर आणला तेव्हा आठवडाभर गिटार रुसलेली. मामी म्हणायच्या, ह्यांना भात नको, सूर शिजवून वाढा.

एक दिवस मामा म्हणाले, अल्बम निघतोय. माझ्या डोक्यात अल्बम म्हणजे लग्नातला फोटोंचा. मी डोक्याला तेल चोपडून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर. मग कळलं, जुन्या कॅसेटींतली निवडक गाणी एका सीडीत घालणार होते. कंपनी बारकी, पण मामांना आभाळाएवढी. तिची अट एकच, शेवटी एक नवं गाणं पाहिजे. आणि इथंच घोडं अडलं. मामांचा गळा बसत चालला होता. एक सूर लावला की दुसरा पळायचा. रोज नवं गाणं रचायचे आणि रोज फाडायचे. शेवटी कंपनीनं सांगितलं, ह्या रविवारी गाणं नाही मिळालं तर अल्बमच राहू दे. मामांनी त्या आठवड्यात भाताला हात लावला नाही.

रविवारी कंपनीचा माणूस मशीन घेऊन घरीच आला, कारण एसीत मामांचा आवाज गारठायचा. मामा बसले फाटकाजवळ, जिन्याखाली, आमची रिकामी कुडमं ठेवायची तिथं. कुडम म्हणजे पाण्याची प्लास्टिकची घागर. मला काम दिलं होतं गप्प बसायचं, तेच मला सगळ्यांत अवघड. मशीन चालू झालं. मामांनी सूर लावला, तो फुटला. परत लावला, परत फुटला. मामींनी तोंड फिरवलं. आणि तेवढ्यात फाटकाबाहेर लॉरीचा हॉर्न.

त्या सालात नळ कोरडे होते. लॉरी आली की मेलेला माणूसपण कुडम घेऊन उठला असता. मामा उठले, मामी उठल्या, मी उठलो. कंपनीच्या माणसाच्या हातातपण कुणीतरी दोन कुडमं दिली. रांगेत मामांचं नेहमीचं सुरू झालं. रिकाम्या कुडमावर थाप आणि घरातल्या मराठीत जे सुचेल ते. कुणाचं भरलं, कुणाचं राहिलं, कोण रांगेत घुसलं. अख्खी रांग ठेका धरायची. मीपण. रांगेमागून, आपल्या तालात.

पाणी भरून आत आलो तर मशीन चालूच. माणसानं रेकॉर्डिंग मागं नेऊन लावलं आणि ऐकता ऐकता खाली बसला. त्यात मामांचा गळा एकदाही फुटला नव्हता. तो म्हणाला, हेच शेवटचं गाणं.

मामा म्हणाले, हे गाणं नव्हे, घरातलं बोलणं आहे.

माणूस म्हणाला, असू दे, सीडीत हेच जाईल. फक्त तो एक बेताल कुडमवाला आहे ना, त्याला काढून घेतो. मी मनात म्हटलं, बरोबर आहे.

मामांनी गिटार पिशवीत घालायला घेतली. "तो राहायला आलेला आहे. त्याला काढायचं तर मलापण काढ. सगळाच अल्बम ने परत."

मामी घाबरून माझ्याकडं बघायला लागल्या, जसं काही मी ताल सुधारून देणार होतो. माणसानं मशीनची वायर गुंडाळली आणि म्हणाला, सेरी मामा, बरं, त्यालापण राहू दे.

सीडी फार खपली नाही. मामा आता नाहीत, मीपण गावाकडं परत आलोय. पण ती माझ्याकडं आहे. शेवटच्या गाण्यात पाण्याची धार, मामी, रांग, मागं माझी चुकीची थाप, आणि अगदी शेवटी मामांचा बारीक आवाज, त्याच मराठीच्या नादात लॉरीवाल्याला सांगत असलेला, "पहिलें ह्याचं भर पा, नवा आहे." तेव्हा मला तिथं राहायला येऊन दोन वर्षं झाली होती.

आमच्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो. माझा नंबर आला की मी मागच्या म्हातारीची घागर पुढं सरकवतो. बायको चिडते, नंबर आपला असून असं का करता म्हणते. मी म्हणतो, काय करू, माझा ताल पहिल्यापासून चुकतो.