धनुष्याच्या मैदानात मी वाटलेली साखर

रेणूचा फोन आला तेव्हा मी मेंढ्यांना पाणी दाखवत होते.

"आई, दिल्लीला मॅच हाय. बाहेरच्या देशातल्या पोरी यायल्यात. या टायमाला तू यायलीस, बस."

"मेंढ्या कोण बघंल?"

"काकू बघंल. मी इचारलंय."

म्हणजे पोरीने सगळं ठरवूनच फोन केला होता. तिच्या सामन्यांना आमचे मालक जायचे. ते जाऊन तिसरं वर्ष लागलं. आता त्यांच्या जागी मी बसायचं, आणि मला त्या तिरंदाजीतलं काही कळत नाही. वाचायलासुद्धा मी रेणूच्या जुन्या पुस्तकांवर शिकले, पण त्या पुस्तकांत धनुष्य फक्त रामाचं होतं.

बोरीहून परभणीला एसटीने गेले. बाईमाणसाला अर्धं तिकीट लागतं. परभणीहून थेट दिल्लीची गाडी मिळते. स्लीपर परवडतो, पण आरक्षण लवकर करा, नाहीतर माझ्यासारखं वरच्या बर्थवर चढावं लागेल. सोबत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, दुसऱ्या दिवशीही चांगले लागतात. समोरच्या काकांनी विचारलं, "दवाखान्याला चाललात का?" म्हटलं, "न्हाई, लेकीचं धनुष्य बघायला." भोपाळ येईपर्यंत त्यांनी ते अख्ख्या डब्याला सांगितलं.

मैदानात जायला पैसे पडत नाहीत, पण गेटवर पिशवी उघडून बघतात. माझ्या पिशवीत साखरेची पुडी होती, रेणू जिंकली तर वाटायला. शिपायाने ती उघडली, वास घेतला, माझ्याकडे खाली-वर बघितलं. शेवटी मीच चिमूटभर तोंडात टाकली, तेव्हा सोडलं.

पहिल्या दिवशी कंपाऊंड नावाच्या धनुष्याचे सामने होते. त्या धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं, विहिरीवरच्या रहाटासारखी. रेणूच्या धनुष्याला तर चाकंच नाहीत! पोरीला जुनं दिलं की काय?

शेजारी साताऱ्याच्या एक बाई होत्या, त्यांचा मुलगा खेळत होता. मी त्यांना तसं विचारलं, तर त्या हसल्या. "अहो ताई, तुमच्या लेकीचं रिकर्व. त्याला चाकं नसतातच."

"मंग ते सोपं का अवघड?"

"दोन्ही अवघडच. आपण बसायचं आणि घाबरायचं."

गुण कसे धरायचे, तेही त्यांनीच सांगितलं. सगळ्या बाणांचे गुण मिळवायचे, ज्याचे जास्त तो जिंकला. एवढं मला जमण्यासारखं होतं. त्यांचा मुलगा त्याच दिवशी हरला आणि संध्याकाळी ते दोघे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी रेणूचा कांस्यपदकाचा सामना. जिंकली तर बाहेरच्या देशांच्या पोरींसमोरचं पहिलं पदक, हरली तर रिकाम्या हाताने घरी. मी बोटांच्या पेरांवर मोजायला बसले. मोजताना जिवाला खात होतं, कारण आमच्यात मेंढ्यासुद्धा मोजत नाहीत. मोजलं की कमी होतात. मालक संध्याकाळी कुंपणाशी उभे राहायचे आणि म्हणायचे, "किती हायेत ते नगं. कोण न्हाई ते बघ." पण इथे एकच पोर होती, बघणार तरी काय?

पडद्यावर बाणांच्या गुणांशेजारी अजून एक लहान आकडा दिसत होता. त्याच्याकडे मी लक्ष दिलं नाही. शेवटचा बाण लागला, माझी बेरीज झाली, रेणूचे पाच जास्त. मी उठून साखर वाटायला सुरुवात केली. शेजारी एक उंच, गोरी बाई रडत-हसत टाळ्या वाजवत होती. किती दिलदार बाई, म्हणून तिला मूठभर दिली. तिने ती खाल्ली आणि मला गच्च मिठी मारली.

मग रेणू खाली मान घालून आली.

"आई, हरले."

"गप. तुझे जास्त हायेत. मी मोजल्यात."

"अगं, रिकर्वला सेट असतो. तीन बाण झाले की पुन्हा शून्यापासून. दोन सेट मी लय फरकानं घेतले, तीन एकेका गुणानं गेले. तीनवाली जिंकली."

"मंग तुझे जास्तीचे कुठं गेले?"

"कुठंच न्हाई, आई."

हे मला अजूनही कळलेलं नाही. मी त्या गोऱ्या बाईकडे बोट दाखवलं. "तिला साखर दिली मी."

"ती तिची आई हाय!" रेणू हसायला लागली आणि हसता हसता रडली. "अण्णा काय म्हणायचे? मोजू नगं म्हणून."

घरात मालकांचं नाव निघालं की आम्हा दोघींतली एक उठून कामाला लागायची. त्या दिवशी कोणी उठलं नाही. पायरीवर बसून उरलेली साखर आम्हीच खाल्ली, आणि अण्णा सामन्याला आले की कसे ओरडायचे ते रेणूने करून दाखवलं. मी ते कधी बघितलेलंच नव्हतं.

तुमचं कोणी खेळत असेल तर जरूर जा. गुण नाही कळले तरी चालतं. टोपी मात्र न्या, ऊन फार लागतं.

बोरीला उतरले तेव्हा जाऊबाई मेंढ्या आत घालत होत्या. "मोजून घ्या बाई तुमच्या. उद्या म्हणाल एक खाल्ली आमी."

मी कुंपणाशी मालकांच्या जागेवर उभी राहिले. लंगडी होती. काळ्या तोंडाची होती. तिचं पिल्लू होतं. सगळी होती. तरी मी बराच वेळ बघत राहिले.