मामीचं मिटलेलं तोंड

“ताई, आई गेली,” दिलीप फोनवर म्हणाला आणि थोडं थांबून, “तिचा हसरा फोटो असन तुह्यापाशी त पाठवजो.” दिलीप माझा मामेभाऊ. सिंदीजवळ भाजीपाल्याची शेती करतो. मी वर्ध्याजवळ पिपरी मेघेतल्या माझ्या घरात मोबाइल, अल्बम, ट्रंक, सगळं उपसलं. वेणूमामीचे फोटो ढीगभर निघाले. प्रत्येकात ओठ गच्च मिटलेले, नाहीतर तोंडावर पदर. महिना उलटला तरी मी शोधतेच आहे... कारण ते तोंड मीच मिटवलं होतं.

मामीचे दात काळेभोर होते. लग्नानंतर आठवडाभरात सासूनं तिला दातवण लावलं. दातवण म्हणजे दात काळे करायची पूड. तोंड तुरट होऊन जायचं, दोन दिवस भाकर गोड लागायची नाही. पण काळ्या दातांवाचून सवाशीण शोभत नाही, असा तो काळ. सुट्टीत आम्ही पोरी विचारायचो, मामी, दात काऊन काळे? ती अख्खं अंग हलवत हसायची. “पांढरे दात त कुत्र्यालेई असते, बाई.” तेव्हा मला ती गावातली सगळ्यात देखणी बाई वाटायची. पुढं मी हे विसरले, याची अजून चीड येते.

माझ्या लग्नात मला सगळं मासिकातल्यासारखं हवं होतं. कोरलेल्या भुवया, गोरं दिसायला पावडरीचे थर. फोटोग्राफर हसा म्हणाला आणि मामी मनापासून हसली. मी तिच्या कानाशी वाकले. “मामी, तोंड मिटून हास न. फोटो खराब होऊन राह्यला.” तिनं लगेच मिटलं. रागावली नाही, काही नाही. त्यानंतर माझ्यासमोर ती कधी तोंड उघडून हसली नाही.

पुढं कुठंतरी वाचलं की जपानातही एकेकाळी मोठ्या घरच्या बायका हौसेनं दात काळे करत. आता माझी लेक पांढरेच दात आणखी पांढरे करून घेते, तिच्या मैत्रिणी ओठ फुगवून घेतात. उद्या यांच्या लेकी कशाला नाकं मुरडतील कोण जाणे. जपानचं मामीला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं, तरी ते माझंच मन हलकं करायला.

दात पडल्यावर मीच तिला वर्ध्याला नेऊन कवळी करून दिली, पांढरीशुभ्र. वाटलं, आता तरी हसेल. पण मी तिच्याकडे गेले की ती बोळक्या तोंडानं, पदर लावून बसलेली. टोचते म्हणायची. एवढं करून काय मिळालं, असं मनात यायचं आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

तेरवीनंतर दिलीपची बायको, कल्पनावहिनी, मामीची खोली आवरत होती. तिनं कोनाड्यातला डबा माझ्या हातात दिला. आत तीच कवळी, पण काळी. पुढच्या दातांवरचा रंग जरा उडालेला. मामी बाजारातून दातवण आणून कवळीला लावायची, वहिनीनं सांगितलं.

“म्हणजे घालायची?”

“रोज. दिवसभर हसून राह्यत. तुमची गाडी दारात दिसली का काढून ठेवत.”

मी विचारलं, तशा हसताना एखादा फोटो काढला का कोणी?

“रोजच हसत, ताई,” वहिनी म्हणाली. “रोजच्याचा फोटो कोन काढते?”