तांबोळी बाईंचा खो-खो

बुधवार, बारा जून. सकाळी ठीक दहा वाजता मी कसबा पेठेत तांबोळी बाईंच्या चित्रकलेच्या वर्गात दाखल झालो. हातात पट्टी, कंपास आणि नवा खोडरबर होता. बाईंनी तिन्ही वस्तू काढून घेऊन खिडकीत ठेवल्या. “जाताना न्या. इथं घर बांधायचं नाहीये.”

बाईंनी महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली होती. निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या खोलीत वर्ग चाले. जे काढायचे ते प्रथम स्वतः होऊन दाखवायचे, हा तिथला नियम. मांजर काढू इच्छिणाऱ्या एका बँक मॅनेजरांना मी त्या खोलीत चार पायांवर पाहिले आहे.

मला खो-खोचा सामना काढायचा होता. कारण सांगणे भाग पडले. माझी पत्नी सुमन एके काळी खो-खो खेळत असे. मी पंच होतो. मुलींच्या सामन्यांचे फोटो त्या काळी कोणी काढत नसे. आता खुब्याचे ऑपरेशन झाल्यापासून तिने अंथरूण धरले होते. डॉक्टर म्हणत, आत्ता चालल्या नाहीत तर पुढे चालणार नाहीत. ती म्हणे, “कुठं जायचंय मला?” समजूत घालणे मला जमत नाही, शिट्टी वाजवणे जमते. ती कशी पळत असे ते तिला दाखवावे, एवढाच माझा विचार होता.

बाईंनी सगळे ऐकून घेतले. “मग पळा,” म्हणाल्या. पंचाहत्तरी उलटल्यावर मी त्या खोलीत, कपाट आणि शिवणयंत्र यांच्यामधून, पळालो. “थांबू नका, अजून पाठ दिसली नाही मला.” त्यांचे एकच सांगणे असे : “आधी कणा काढा, माणूस मागाहून येतो.” मंडईत काकडी निवडतानाही त्या वाकडीच उचलत आणि विक्रेत्याला सांगत, “हिला कणा आहे.”

माझे पहिले चित्र नियमाला धरून होते. आठ खेळाडू एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, दोन्ही खांब, त्यांना जोडणारी मधली पाटी, गुणलेखकाचे टेबल. बाईंनी कागद लांब धरला.

“पंचसाहेब, मोजणी खात्याला द्या हा. सामना कुठंय?”

“सगळे नियमात आहेत.”

“दिसतंय. म्हणूनच कुणी हलत नाहीये. आणि मधोमध हे कोण?”

“पंच.”

“सुमनताई?”

मी कोपऱ्यातली एक काडी दाखवली.

“म्हणजे नवरा एवढा आणि बायको एवढीशी. संसाराचं चित्र चांगलं जमलंय. आता पंचांना मैदानाबाहेर काढा. बसलेल्या तीन पुरेत, एक खांब, एक पाठलाग करणारी आणि एक पळणारी.”

मी स्वतःला बाहेर काढले. मग बाईंनी कोळशाने पाठलाग करणारी मुलगी काढून दाखवली. तिचा पाय मधल्या पाटीवर पडला होता.

“बाई, हा फाउल आहे.”

“तोल बघा तिचा.”

“फाउल आहे.”

“मग वाजवा शिट्टी.”

शिट्टी घरी राहिली होती. माझ्या चित्रात मात्र मी तो पाय पाटीबाहेर घेतला. बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि चहा टाकायला आत गेल्या.

मागल्या हिवाळ्यात बाई गेल्या. त्यांच्याविषयी लिहितो आहे ते वर्गातल्या एका दिवसामुळे.

त्या दिवशी सुमनची पाठ जमली. मानेपासून पोटरीपर्यंत एकच रेघ, वाकलेली. पाऊल मात्र चुकले होते. कुठे ते मला कळेना. मैदानावर मी पाटी ओलांडणारे पाय पाहिले. तिचे पाऊल पाहिले नाही. बाईंना दुरुस्त करायला सांगितले.

“मी खो-खो खेळले नाही. ज्यांचं पाऊल आहे त्यांना दाखवा.”

“चुकीचं चित्र दाखवू?”

“बरोबर चित्र बघून माणूस ‘छान आहे’ म्हणतो आणि कूस बदलतो. आहे तसंच न्या.”

मी नेले. सुमनने कागद बराच वेळ पाहिला.

“ही कोण?”

“तू.”

“मी? टाच टेकून?” ती कोपरावर उठली. “टाच टेकली असती तर पहिल्याच मिनिटाला बाद झाले असते! अहो, तुम्ही मैदानावर बघत काय होता?”

मी कागद परत घ्यायला वाकलो.

“सरका. तो वॉकर द्या इकडे.”

तिने पाय खाली सोडले. वॉकर धरून उभी राहिली, चांगल्या पायावर भार घेतला आणि टाच उचलली. “अशी. आणि मान मागं वळलेली. आणि इथून खांबाकडं...” बोलत बोलत ती दारापर्यंत गेली, चौकटीला हात लावला आणि परत फिरली. धाप लागली होती. राग उतरला नव्हता. “आता नीट काढा. संध्याकाळी परत दाखवते.”

मी दारापलीकडच्या बोळातली, तिच्या वाटेत येणारी टीपॉय उचलून गॅलरीत नेऊन ठेवली.